सिपनेच्या काठी मुक्काम

हिंगणघाटात एका इंग्रज मोजणीदाराची कबर आहे. विल्यम लॅम्बटन हे त्यांचे नाव. १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि पुढची वीस वर्षे बहुतेक राहुट्यांतच काढली. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला त्यांचा तळ हिंगणघाटला पडला असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, ते वारले. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. एव्हरेस्टनी मोजणीची रेषा वऱ्हाडातून उत्तरेला नेली. अचलपूरच्या मुलखात टाकळखेडा येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढताना त्यांच्या मनात एक शंका आली. उत्तरेला जो एवढा डोंगर उभा आहे, तो आपल्या वस्तुमानाने ओळंब्याला स्वतःकडे ओढत असेल, तर आपली आकडेमोड तेवढी चुकणार. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेल्या माणसाला एका डोंगररांगेचा हिशेब धरावा लागला.

तो डोंगर म्हणजे सातपुड्याची गाविलगडची रांग, आणि तिच्या पोटातला मुलूख म्हणजे मेळघाट. आमच्या गावच्या कबरीशी या डोंगराचा असा धागा आहे हे मला फार उशिरा कळले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी वर्षातून एकदा तरी तिकडे ओढला जात होतो. सिपना नदीच्या काठी सेमाडोह आणि कोलकास ही वनखात्याची दोन मुक्कामाची ठिकाणे आहेत. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

कुणी म्हणेल, आपल्या वर्धा जिल्ह्यात बोरचे जंगल आहे की. बोर मलाही प्रिय आहे. १३८ चौरस किलोमीटरचा तो व्याघ्र प्रकल्प २०१४ साली झाला, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांत तो मोडतो, आणि सकाळी निघून दुपारी जेवायला घरी येता येते. ताडोबाही हिंगणघाटहून फार लांब नाही, आणि वाघच पाहायचा असेल तर सरळ तिकडेच जावे. पण बोरला पाणी आहे ते धरणाचे, ताडोबाला तलावाचे. डोंगरातून उतरलेली, दगडावरून वाजत येणारी नदी आणि तिच्या काठी रात्र काढण्याची सोय हवी असेल, तर आम्हाला वर्धा आणि अमरावती ओलांडूनच जावे लागते.

या वाटेवर एक गोष्ट डोळ्यांना न दिसता घडते. हिंगणघाटची वणा वर्धा नदीला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या अंगणातले पावसाचे पाणी बंगालच्या उपसागराचे. अमरावतीजवळ पोहऱ्याच्या टेकड्यांपाशी जलविभाजक ओलांडला की पेढी, पूर्णा, तापी, आणि मग अरबी समुद्र. सिपनाही तापीचीच. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाचही नद्या शेवटी तापीला मिळतात. एका दिवसाच्या प्रवासात आपण एका समुद्राच्या पाणलोटातून दुसऱ्याच्या पाणलोटात जातो, आणि रस्त्याकडेला त्याची कुठे पाटी नसते.

परतवाडा हे शेवटचे मोठे गाव. तिथे किराणा, भाजी, बॅटऱ्या, औषधे जे काय घ्यायचे ते घ्यावे. पुढे धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढू लागतो. परतवाड्याची संत्र्यांची बाग सरते, सागवान सुरू होते. घटांगला चहा, मग वळणे. उन्हाळा असेल तर हे सागवान आपली निराशा करते. सगळे करडे, पाने गळलेली, खाली पापडासारख्या वाळलेल्या पानांचा थर. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, हेच का ते जंगल? आणि मग सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर दरीच्या तळाशी हिरवी रेघ दिसते. जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर. ती रेघ म्हणजे सिपना. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे सागवान. सागाच्या जंगलातल्या नदीला सागाचेच नाव, पण तिच्या काठाला जे उभे आहेत ते साग नव्हेत, पाण्याला पाय लावून बसलेली वेगळीच झाडे आहेत.

सेमाडोह रस्त्यावरचे गाव आहे. एसटी थांबते, दुकाने आहेत, वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे. नदीच्या अंगाला पर्यटन संकुल आहे, त्यात कुटी आहेत आणि मुलांच्या सहलींसाठी एकत्र निजायची मोठी खोली. कोलकास तिथून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, मुख्य रस्ता सोडून आत. तिथले विश्रामगृह उंचवट्यावर आहे. सज्जात उभे राहिले की खाली सिपना एक मोठे वळण घेताना दिसते. मोजून थोड्या खोल्या, काही कुटी, एक उपाहारगृह, आणि वनखात्याच्या हत्तिणी. बाकी काही नाही, आणि मी इथे येतो ते या ‘बाकी काही नाही’साठीच.

वनविश्रामगृह ही संस्था कशी जन्मली हे समजून घेतले तर या जागांचा साधेपणा गरिबीतून आलेला नाही हे ध्यानात येते. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले. राखीव म्हणजे कोणत्या कुपात, म्हणजे तोडीच्या तुकड्यात, किती साग तोडायचा, कुठे तोडायचा नाही, आग कुठे अडवायची याचा हिशेब. हा हिशेब कचेरीत बसून होत नाही. साहेबाला दौऱ्यावर निघावे लागे. आधी बैलगाड्यांवर राहुट्या, तंबू, भांडी, कागदपत्रांच्या पेट्या जात. मग हळूहळू त्याच मुक्कामांच्या जागी दगड-लाकडाची घरे उभी राहिली. एका दिवसाच्या चालीवर एक, आणि जवळ पाणी हवेच. मेळघाटात चौराकुंड, तारुबांदा, हतरू, रायपूर अशी जी विश्रामगृहे विखुरलेली आहेत, ती नकाशावर जोडत गेलो तर जुन्या दौऱ्यांचे रस्ते उमटतात. राहुटीनेच भिंती घेतल्या, एवढाच काय तो फरक. म्हणून या घरांत सामान कमी, ओसरी मोठी, स्वयंपाकघर थोडे दूर आणि चौकीदार कायमचा.

चौकीदार हा या संस्थेचा कणा. साहेब बदलतात, तोच राहतो. जुन्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याने शिधा द्यायचा आणि त्याने रांधायचे. आता कोलकास-सेमाडोहला उपाहारगृहे आहेत, पण आतल्या घरांत हा रिवाज फार काळ होता. मला एका थंडीच्या रात्रीची आठवण आहे. आमच्याकडे जवारीचे पीठ, बेसन, कांदे आणि तिखट. म्हाताऱ्या चौकीदारकाकांनी पिठले टाकायच्या आधी विचारले, “भाऊ, किती जण जेवणार?” चौघे म्हणालो. त्यांनी पाच जणांचे केले. पाचवे ताट आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचे, जो संकोचाने गाडीतच बसून राहिला होता. आम्हाला तो मोजायचे सुचले नव्हते. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, फक्त कंदील घेऊन त्याला हाक मारायला गेले.

आता नदीकडे येतो. सिपना समजायची तर डोह समजला पाहिजे.

सातपुड्याचा हा भाग काळ्या कातळाचा, उतार अंगावर येणारे. पाऊस चांगला होतो, पण पाणी थांबत नाही. पावसाळ्यात सिपना गढूळ, भरधाव, झाडांचे बुंधे वाहून आणणारी असते. दिवाळीपर्यंत ती निवळते. माघापासून धार बारीक होत जाते आणि चैत्र-वैशाखात एका सलग नदीचे तुकडे पडतात. पुराच्या पाण्याने जिथे कातळाखाली किंवा वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोल कोरून ठेवले, तिथे पाणी उरते. हे डोह. मधले पात्र म्हणजे गोटे आणि वाळू. पण ते कोरडे दिसते तेवढे कोरडे नसते. वाळूखालून पाणी एका डोहातून दुसऱ्यात झिरपत असते, आणि हातभर खणले की झिरा लागतो. कोरकू बाया अशा झिऱ्यातून वाटी-वाटीने घागर भरतात, कारण वाळूतून गाळून आलेले पाणी डोहापेक्षा स्वच्छ. सांबरही पात्रात पाय मारून पाणी काढते असे मला एका वनरक्षकाने सांगितले होते, आणि खुरांच्या खुणांमधले ओले खळगे मी स्वतः पाहिले आहेत.

सेमाडोहच्या तर नावातच डोह आहे. माणसाने गाव वसवले ते न आटणाऱ्या पाण्याशी, आणि मे महिन्यात गवा, अस्वल, सांबर, भेकर, रानकुत्री, बिबट, वाघ ही सगळी त्याच मोजक्या पाण्यांवर येतात. म्हणूनच वनखाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांशेजारी मचाणांवर लोकांना बसवते. वर्षातला तो असा काळ, की जंगल शोधत फिरायचे नसते. एका जागी गप्प बसले की जंगल आपणहून पाण्यावर येते. डोह फक्त पिण्यासाठीही नसतात. १९९० आणि १९९१ साली ढाकण्याजवळच्या सिद्धूकुंडासारख्या खोल पाण्यांत मगरी सोडण्यात आल्या. ज्या पाण्यात मगर जगू शकते ते पाणी वर्षभर पुरते, एवढा त्याचा सरळ अर्थ.

माझे म्हणणे असे की नदीकाठचा मुक्कामही डोहासारखाच असतो. लहान, ठरावीक जागी, आणि ज्याने सगळे धरून ठेवले आहे तो भाग डोळ्यांआड. खोल्या वाढवल्या तर तो वाढत नाही, फुटतो. सज्जात दहा माणसे बसली तर नदी ऐकू येते. शंभर बसली तर शंभर माणसे ऐकू येतात. चिखलदऱ्याला सुट्टीच्या दिवशी जे होते ते पाहून आलेल्या माणसाला हे वेगळे समजावावे लागत नाही. चिखलदरा थंड हवेचे गाव आहे, त्याने गर्दी घ्यावी, त्याच्या उंचीवर ती गर्दी मावते. सिपनेच्या खोऱ्याला ती झेपणार नाही, आणि इथे आणखी खोल्या बांधा अशी मागणी जेव्हा जेव्हा कानावर येते तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव होते.

पाहुण्यांत दोन जाती दिसतात. एक सफारीसाठी येणारे. पहाटे जिप्सीतून जातात, वाघ दिसला नाही की हिरमुसून परततात. मेळघाटात वाघ दिसणे अवघडच. डोंगर, दऱ्या, बांबू, आणि तो आपल्याला दिसावा म्हणून मोकळी मैदाने नाहीत. मेळघाट १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. आज गाभा आणि बफर मिळून २,७०० चौरस किलोमीटरहून मोठे. एवढ्या जागेत वाघाला लपायचे असेल तर तो लपणारच. दुसरी जात बसणाऱ्यांची. ते कुठेच जात नाहीत. सकाळी सज्जात, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा सज्जात. पहिल्या मुक्कामात मी पहिल्या जातीचा होतो, आणि मला त्यातून बाहेर काढले ते एका बिघडलेल्या गाडीने. दीड दिवस कोलकासला अडकून पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वळणापलीकडच्या काठावर पाच गवे उतरले. त्यांचे पांढरे पायमोजे आधी दिसले, मग अंग. ते पाणी प्याले, उभे राहिले, एकाने शेपटी हलवली. अर्धा तास. गाडी नीट असती तर त्या वेळी मी दुसरीकडे कुठेतरी वाघाची वाट पाहत असतो.

रात्री मात्र कानांच्या असतात. रातवा रस्त्याच्या मोकळ्या मातीवर बसून ठोके दिल्यासारखा बोलत राहतो. नदीवरून मत्स्य घुबडाचा घुमारा येतो. भेकराने भुंकल्यासारखा आवाज दिला की चौकीदार हातातले काम थांबवून दिशेकडे बघतो. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीचा काही काळ मेळघाटात काढला. रानातल्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, जनावरांची नावे गोळा केली, त्यांतली कित्येक मराठीला दिली, काही स्वतः घडवली. कावळ्या-बगळ्यांच्या विणीच्या वसाहतींना त्यांनी दिलेले ‘काकागार’, ‘सारंगागार’ हे शब्द आज सहज वापरले जातात. अशा मुक्कामांशिवाय ती भाषा मराठीत आलीच नसती असे मला वाटते. गाडीतून जाणाऱ्याला कुणी नावे सांगत नाही. रात्री शेकोटीपाशी बसणाऱ्याला सांगतात. २०२५ साली चितमपल्ली गेले, त्या आठवड्यात मी कोलकासला नव्हतो याची मला रुखरुख आहे.

दिवसा बोलणारा एक छोटा पिंगळाही इथे आहे. रानपिंगळा. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असेच धरले गेले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा दिसला, आणि नंतर मेळघाटातही. शतकाहून जास्त काळ तो इथल्या सागवानात बोलतच असणार, आणि कोरकूंच्या कानावर पडतही असणार. पण त्यांना कुणी विचारले नव्हते.

कोरकूंबद्दल न बोलता या जागांबद्दल बोलणे मला अप्रामाणिक वाटते. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे आपल्या मराठीशी किंवा शेजारच्या गोंडीशी तिचे नाते नाही. संथाळी, मुंडारी या दूर पूर्वेकडच्या भाषा तिच्या बहिणी. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसे. गेलेल्या माणसाच्या नावाने ते सागाच्या लाकडाचा कोरीव खांब उभारतात, त्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार असतो. कोलकास-सेमाडोहला जे आपले सामान उचलतात, पाणी तापवतात, जिप्सीत वाटाड्या म्हणून बसतात, हत्तिणीला नदीवर नेतात, ते बहुतेक याच गावांतले. आणि याच जंगलातून गावे उठलीही आहेत. वाघासाठी गाभा मोकळा हवा म्हणून या शतकाच्या सुरुवातीला कुंड, कोहा, बोरी ही गावे बाहेर हलवली गेली, नंतर आणखीही. गाव उठल्यावर त्या जागी गवत येते, गवतावर सांबर-गवे येतात, त्यांच्यामागे वाघ. जंगलाला याने फायदा झाला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण सज्जात खुर्ची टाकून आपण ज्या शांततेचा आनंद घेतो, तिच्यातला काही भाग कुणाच्या तरी सोडलेल्या आंगणाचा आहे, हेही विसरता येत नाही. एका वाटाड्याने मला जुन्या गावाच्या जागेवरचा मोह दाखवला होता. “हा आमच्या घरामागचा,” तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला. झाडाखाली फुले पडली होती, अस्वलाने अर्धी खाल्लेली.

राहायचे कसे, हे नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. आरक्षण आधी करावे, ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर घाट चढू नये. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच झोंबते, वर्ध्याच्या थंडीचा अंदाज इथे चालत नाही. उन्हाळ्यात दुपार कडक पण पहाट सुखाची. पावसाळ्यात आतले रस्ते बंद होतात. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. नदीत उतरायचे नाही. डोह शांत दिसतो, पण कातळ शेवाळलेला आणि खोली एकाएकी. प्लास्टिक नेले तेवढे परत आणायचे. गाण्यांचा डबा घरी ठेवावा. यातली शेवटची गोष्ट मी नियम म्हणून सांगत नाही, विनंती म्हणून सांगतो.

हत्तिणींची अंघोळ मात्र चुकवू नये. सकाळी माहूत त्यांना खाली सिपनेवर आणतात. हत्तीण पाण्यात आडवी होते, एक डोळा पाण्याबाहेर ठेवते, आणि माहूत दगडाने तिची पाठ घासतो. दगड कातडीवर फिरल्याचा आवाज सज्जापर्यंत येतो. अंघोळ झाली की डोहातले पाणी ढवळून मातकट झालेले असते, पण अर्ध्या तासात वरच्या अंगाने झिरपून येणारे पाणी त्याला पुन्हा निवळवते. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते.

गेल्या वेळी निघायच्या दिवशी पहाटेच खाली पायऱ्यांपर्यंत गेलो, चौकीदार सोबत होता. आदल्या संध्याकाळी आम्ही उभे होतो त्या ओल्या वाळूवर आमच्या बुटांचे ठसे होते. त्यांच्यावरून रात्री एक सांबर गेले होते. एका ठशात खूर नेमका टाचेच्या खळग्यात पडला होता, आणि त्यात खालून पाणी भरून आले होते. चौकीदाराने वाकून पाहिले. “मादी,” तो म्हणाला, “आणि पिल्लू.” पिल्लाचे ठसे त्याने दाखवले तेव्हाच मला दिसले, थोडे बाजूला, पाण्याच्या अगदी कडेला.